तिसऱ्या बांधीची ओळ

आमच्या घरी धानाच्या तीन बांध्या, बांध घातलेले शेताचे तुकडे. दोन सातबाऱ्यावर हायत. तिसरी जंगलाच्या कडेची, माह्या सासूनं झुडपं तोडून, खुंटं खोदून केलेली, ते कोणत्याच कागदावर नाही. वरसाचं अर्धं धान तिच्यातूनच येते. वनहक्काचे फारम आले तवा माही पोरगी आठ महिन्याची होती. आम्ही बौद्ध. आदिवासी नसन त्यानं तीन पिढ्यांपासून जमीन कसतो असं दाखवा, नाही तं बांधी जाईन, असं गावच्या वनहक्क समितीनं सांगतलं. आमच्याजवळ दाखवाले काहीच नव्हतं.

समितीतले काकाजी घरी आले. म्हणाले, "काही जुनं काढ, बेटा. जंगलखात्याच्या दंडाची पावती, काही बी."

"दंडात कोंबडा गेला," सासू म्हणाली, "कोंबड्याची पावती कोण देते? गाणं घ्या ना आमचं. तीनही बांध्या हायत त्यात."

आमच्याकडं रोवण्याले, धानाची लावणी कराले, बाया ज्या बांधीत उतरतेत त्या बांधीचं कडवं म्हणतेत. बायांनीच जोडलेलं, ज्या घरचं शेत त्या घरचं गाणं. आन नेम असा, म्हणताना जिची ओळ सुटली तिनं आपल्या वाट्याची रोवलेली पात उपडाची आन पुन्हा रोवाची. मी नवी होती तवा सासूले विचारलं, असं काऊन? ते म्हणाली, "बांधीले समजलं पाहिजे ना, कोण आलं म्हणून."

मी सातवी शिकली, लिवणं माह्यावरच आलं. पोरीले मांडीवर घेऊन लिवलं, एकही ओळ सोडली नाही, सोडाची नसते हेच डोक्यात.

समाजमंदिरात सभा बसली. कागद वाचाले एक गुरुजी होते, त्यायनं वाचाले सुरुवात केली आन मागच्या बाया सोबत म्हणू लागल्या.

पह्यली बांधी बोडीची, पाणी तिच्या ओटीत,
दुसरी बांधी मोहाची, फूल पडते पाटीत,
तिसरी बांधी जंगलाची, फोडली आमच्या बाईनं,
पोट होतं सातव्याचं, कुदळ घेतली घाईनं.

लोकं हासले. माही सासू पदर सावरून उभीच झाली.

गुरुजी थांबले. "हे बाई कोण?"

"मीच," सासू म्हणाली. "हा पोटात होता ना." आन माह्या नवऱ्याकडं बोट केलं.

माह्या नवऱ्यानं मान खाली घातली. समजलं त्याले. मलेही तवाच समजलं. बांधीचं वय आन माह्या नवऱ्याचं वय एकच, हे मीच आपल्या हातानं लिवून दिलं होतं.

"आता तीन पिढ्या कुठून आणू, बाई?" गुरुजी हळूच म्हणाले आन कागद माह्या हातात वापस दिला. "परवा फाईल जाते. पाहा काय करता ते."

सासूले वाटलं, अक्षर खराब म्हणून वापस केला. रस्ताभर मले म्हणत होती, "मोठ्ठं मोठ्ठं लिव, त्या गुरुजीले चष्मा लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा लिवाले बसली. चुलीवर भात होता, पोरगी रडत होती, ध्यान कुठंच नाही. सगळं तसंच लिवलं. एकच शब्द बदलला. बाईनं होतं तिथं आजीनं केलं. माही आजेसासू कधीची मेली, तिनं त्या बांधीत पाय ठेवला नव्हता. चाल बरोबर बसली, काहीच अडलं नाही, त्याचंच मले जास्त भेव वाटलं.

सासू बाजूले येऊन बसली. "वाचून दाखव."

मी वाचलं. कागदावर बोट ठेवून वाचलं, फोडली आमच्या बाईनं. तिनं मान हालवली. माह्या बोटाखाली आजीनं होतं. तिले वाचता येत नाही.

"गुरुजी काय म्हणतेत आता पाहू," म्हणाली, आन भात उतरवाले उठली.

तोच कागद लागून फाईल गेली. एक वरीस गेलं, दोन गेले. काकाजीले विचारलं की म्हणतेत वर हाय. वर म्हणजे कुठं, ते त्यायलेही माहीत नाही. ना हो आलं, ना नाही आलं. सासूले मी अजून सांगतलं नाही. किती वेळा तोंडापरेंत आलं. मंग वाटते, तिच्या तोंडून गावात गेलं आन कागद खोटा निघाला तं? न सांगावं तं तिची कुदळ मी दुसरीच्या हाती देल्ली, ते छातीवर हायच.

रोवण्यात तिसऱ्या बांधीत उतरलो की तेच कडवं येते. बाया म्हणतेत, फोडली आमच्या बाईनं, आन मी तिथं नुसती रोपं रोवत राहते. बाईनं म्हणावं तं जंगलखात्याचं कोणी आयकन, कागद खोटा पडन. आजीनं म्हणावं तं सासू बाजूच्याच पातीत वाकून हाय.

"चूप काऊन झाली व? ओळ सुटली तुही," सासू म्हणते. "उपड पात."

बाया हासतेत. "लिवणारीच इसरली पाहा."

मी मागं जाते. धुऱ्याच्या बांधावर पोरगी बसली राहते, मले पाहत. मी आपली पात उपडते आन पुन्हा रोवते, दर वरसी, त्याच बांधीत. बाया समोर निघून जातेत, मी एकटी चिखलात मागं राहते, आन तवाही ते ओळ माह्या तोंडातून निघत नाही.