संतोषची पांढरी गाडी

बसा जरा. हे नवऱ्यालासुद्धा माहीत नाही — त्याची पाळी रात्रीची, माझी सकाळची. आमची भेट होते ती दारात. त्यात कसलं सांगणं न् कसलं काय! आई होती तेव्हा तिच्याजवळ बोलावं असं फार वाटायचं. धीर झाला नाही. मग ती गेली. आता कुणाला सांगायचं?

मी कारेगावात राहते, कंपनीत तपासणीला आहे. लोखंडी पार्टवर मशीन नंबर ठोकतं, तो नीट उमटलाय का ते मी बघते. दिवसभर आकडेच आकडे. एखादा जरा उथळ बसला, केसभर कलला, तरी माझा हात थांबतो. स्वतःची टिमकी वाजवत नाही — पण या कामात मला कुणी फसवून दाखवावं!

माझ्या धाकट्या भावाला, संतोषला, याचा कोण अभिमान. तो यवतजवळ आमच्या गावी असतो. हे घडलं तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं, आणि कामगारांची ने-आण करायला तो जुनी गाडी बघत होता. फोन करून म्हणाला, "ताई, तू नजर टाकल्याबिगर मी घेत न्हाई."

तुम्ही म्हणाल, बोल की एकदाचं. बोलते हो. पण दौंडची सकाळ आधी सांगायला हवी — सबब म्हणून नाही. त्यात कसली सबब?

गाडी बघायच्या थोडं आधी मला दौंडला नेऊन वडलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही घेतली होती. आमच्याकडे बहिणी देतातच सही, त्यात नवल नाही. पण मला कुणी विचारलंच नाही. आई म्हणाली चल, संतोष म्हणाला चल, कागद पुढं आला. बाहेर आल्यावर त्यानं मला साडी घेतली, मोरपंखी, भारीतली. मी हसून घेतली. घरी येऊन भांडी आपटली. अरे, एकदा विचारायचं तरी! मी आपणहून दिला असता वाटा. तोंडानं मात्र चकार शब्द काढला नाही.

आणि मग ही गाडी. एजंट ती यवतला घेऊन आला होता. पांढरी, चकाचक. संतोषनं गाडीच्या पुस्तकातला नंबर आणि बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेला नंबर ताडून पाहिला. जुळला. पोरगं खूश! मग बाजूला सरकून म्हणाला, "ताई, आता तू बघ."

मी वाकले. पहिले आकडे एका ओळीत, एका खोलीचे. शेवटचे तसे नव्हते — एक खोल, एक उथळ, आठ तर चक्क एका अंगाला झुकलेला. तेवढाच पत्रा घासून गुळगुळीत केलेला, वर ताजा रंग. बाकी सगळीकडे जुनी धूळ. खरा नंबर घासून टाकून हातानं दुसरा ठोकला होता. म्हणजे गाडी चोरीची. मला जराही शंका नव्हती.

त्या वेळी मला काय वाटलं — सांगू? बरं वाटलं. हो, बरं! आता कळंल साहेबांना, असं मनात आलं. मी बॉनेट खाली केलं, ओढणीला हात पुसले आणि म्हणाले, "चांगली हाय. घे."

पोलीस धरतील हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. तेवढा विचार मी मुद्दाम केला नाही.

पाटसजवळ गाडी अडवली. संतोषला कोठडीत टाकलं. त्यालाच फसवलंय हे कळल्यावर सोडलं, पण तोवर मुलीकडच्या, पाबळच्या पाहुण्यांनी लग्न मोडलं होतं. चोरीच्या गाडीवाला, हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुन्हा कुणी मुलगी दाखवली नाही. आता तो दुसऱ्याचा ट्रक चालवतो.

आणि हा बाबा सगळ्यांना काय सांगत फिरला? "ताईचा काय दोष? तिथं भलेभले फसत्यात." उलट मलाच समजवायचा, मनाला लावून घेऊ नगंस म्हणून. तो असं बोलायला लागला की मला तिथून उठून पळावंसं वाटायचं.

भाऊबीजेला मी जाते. आई गेल्यापासून त्या घरात तो एकटाच. चहासुद्धा तोच करतो, साखर जास्त घालतो. यंदा ओवाळून झालं, त्यानं कप माझ्या हातात दिला आणि एकदम म्हणाला, "ताई, दौंडच्या त्या सहीचं तुला वाईट वाटलं व्हतं का गं? मला लई उशिरा सुचलं बघ. तवाच इचारायला पायजे व्हतं."

घरात आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून चांगली वेळ कुठली?

"न्हाई रे," मी म्हणाले. "मला कशाला वाईट वाटंल?"

"मग झालं तर," म्हणाला, हसला, आणि आपल्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला. मी तो प्याले.