जीप दिसली की उतरणारी तार

अन्याय झाला तो एका वैमानिकावर. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, मुळशीत भातावर औषध फवारणारं त्याचं हेलिकॉप्टर ओढ्यात कोसळलं. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

कंबर मोडून तो दवाखान्यात पडला होता. "तार होती," एवढंच सांगत होता. आम्ही पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा ओढ्यावर तार नव्हती. कंपनीच्या माणसांनी आधी जीपमधून पाहणी केली होती. त्यांच्याही नकाशात तिथं तार नव्हती. चूक वैमानिकाची, असं सांगून कंपनी मोकळी झाली. त्याचा परवाना जाणार हे जवळपास ठरलंच होतं.

खबर मिळाली ताम्हिणी रस्त्यावरच्या हॉटेलात. चहा देताना मालकीण चाची म्हणाल्या, "सायेब, तुमची जीप वळणावर दिसली की गावातल्या पान्याच्या मोटारी कशा गप हुत्यात? येकदा चालत जाऊन बघा की. पोटबी कमी हुईल."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत पायी गेलो. ओढ्यावरून तार गेली होती. अलीकडे विजेच्या खांबावर आकडा, पलीकडे बांबू, बांबूखाली मोटार. काळी, बारीक तार. मागच्या झाडीत दिसतही नव्हती. मधोमध ताजा जोड.

मोटारीच्या मालकाला ठाण्यात बोलावलं. जप्त केलेली तार टेबलावर ठेवली.

"आप्पा, ही कधी तुटली?"

"हेलिकाप्टर पडलं तवा."

"पाहणीला आले तेव्हा कुठं होती?"

"काढली व्हती. गाडी आली की आकडा काढायचा, गेली की टाकायचा. समदं गाव तसंच करतंय. ती गाडी वीजवाल्यांची न्हाई, हे आमाला काय ठाव? आन हेलिकाप्टर येवढं खाली येतंय, हे तरी कुनी सांगितलं?"

"आणि पडल्यावर?"

"तुमी येनार म्हनून परत गुंडाळली." मग त्यांनीच विचारलं, "त्यो जगला का वो?"

"जगला. तुमचा दोष डोक्यावर घेऊन."

आप्पांनी जबाबावर सही केली. गुन्हा दाखल झाला. वैमानिकावरचा ठपका पुसला गेला. कंबर मात्र सरळ झाली नाही.

जीपमधून आम्हाला गाव दिसत नाही, गावाला आम्ही दिसतो, हे मी तिथं शिकलो. पाहणीवाले गावात एकाशीही बोलले नव्हते. पण फवारणी होणार हे गावाला ठाऊक होतं, आणि तोंड कुणीच उघडलं नाही.

म्हणून सांगतो. तुमच्या शिवारात पाहणीची गाडी आली, तर तार उतरवू नका. तिच्याखाली उभे राहा आणि बोट वर करून दाखवा. चोरीची असली तरी दाखवा.