कडूमावशीच्या नाकावरचे वण

१९७१ साली गावात देवीची साथ आली. सरजाबाईची आजारी पोर सांभाळायला लोकांनी माझ्या कडूमावशीला तिच्या घरात ढकललं.

"मला भ्या वाटायलंय," ती म्हणाली.

"तुझ्या नाकावर वण हायेत. तुला देवी येऊन गेली, पुन्हा येत न्हाई." गावाला भारी अक्कल!

सहाव्या दिवशी सेलूहून देवी डॉक्टर, म्हणजे देवीची लस टोचणारे, आले. वण पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हे तर कांजिण्यांचे वण. रक्तात प्रत्येक रोगाचं वेगळं प्रतिद्रव्य बनतं, जशी कुलपागणिक किल्ली. तुमची किल्ली देवीला लागत नाही. लस पहिल्या तीन-चार दिवसांतच टोचायला हवी होती, आता उशीर झाला."

मावशीनं दाराची चौकट धरली. आतून पोरीनं पाणी मागितलं. मावशीनं आमच्याकडं वळून बघितलं, तर सगळं गाव तिच्यापासून चार पावलं मागं सरकलं होतं.

मीसुद्धा.