काशीची ढोलकी कुणी थांबवली

माझा धाकटा भाऊ काशीराम गेल्याचा निरोप शेजारच्या दुकानातल्या फोनवर आला. दुकानदार स्वतः दारात येऊन उभा राहिला, अदबीने म्हणाला, "मुस्ये, सुरिनामहून फोन होता... तुमच्या भावाचं." रोझ हिलहून बसने आमच्या गावी, बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सुरिनामला निघालो तेव्हा वाटेतल्या उसाला तुरे आले होते. लहानपणी काशी म्हणायचा, "दादा, उसाला तुरे आले की मला रडू येतं." मी हसायचो. त्या दिवशी खिडकीतून तेच पांढुरके तुरे दिसत राहिले आणि सुरिनाम येईपर्यंत मी खाली बघत बसलो.

आई गेली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याला मीच वाढवलं. त्या थंडीत त्याचं बोलणं बंद झालं. शाळेत जाई, जेवायला बसे, पण तोंडातून शब्द नाही. वडील म्हणाले, हट्टी आहे, आणि मी त्याला मारलं. ऊसतोडणी संपता संपता तो आपोआप बोलू लागला, तसे आम्ही सगळं विसरून गेलो.

तरुणपणी तोच मुलगा गावाचा लाडका झाला. पणजोबांनी कोकणातून आणलेली झाकडी आमच्याकडे गणपतीत अजून नाचतात. गोल फेर, मध्ये गाणारे आणि ढोलकी. ढोलकी काशीची. गणपती जवळ आले की त्याची झोप उडायची. गाणी रचायचा, अंगावरचा नवा सदरा काढून कुणालाही देऊन टाकायचा, एकदा तर न विचारता शेजाऱ्याची भिंत रंगवून आला. लोक कौतुकाने म्हणायचे, "काशीच्या अंगात गणपती शिरला!" मंडळाचा चिटणीस मी होतो आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. पुढे कधी तरी तो अंथरूण धरायचा, आठवडेच्या आठवडे उठायचा नाही. तेव्हा तेच लोक म्हणायचे, "पारेस झालाय, आळशी." ही दोन्ही एकाच दुखण्याची रूपं असतील, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

आलं ते त्याच्या बायकोच्या, तुळसाच्या. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, काशी पन्नाशीला टेकला होता. ती त्याला इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला सांगितलं की हा आजार बहुधा लहानपणापासूनचा आहे. वयाबरोबर त्याचं रूप बदलतं, म्हणून घरच्यांना ओळखू येत नाही. रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. तुळसा त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. त्यानंतर काशी गणपतीतही झोपू लागला आणि गणपतीनंतरही कामावर जाऊ लागला. तिच्या संसारातली ती सर्वांत बरी वर्षं.

पण ढोलकी मंदावली. फेर धरणारी पोरं मला टोमणे मारायची, "दादा, तुमचा भाऊ ढोलकी वाजवतो की पीठ मळतो?" दुसऱ्या गावची झाकडी आमच्यापेक्षा सरस झाली, असं लोक उघड बोलू लागले. ते मला झोंबलं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी तुळसा बाजारात गेलेली पाहून मी त्याच्याकडे गेलो. म्हणालो, "काशी, गोळ्या गणपतीपुरत्या सोड. विसर्जन झालं की परत घे."

"तुळसा रागवेल."

"तिला सांगतोस कशाला?"

तो हळूच म्हणाला, "दादा, मो पा फू, ना? मी वेडा नाय ना?"

"वेडा असतास तर तुझ्या हातात ढोलकी दिली असती का?"

तो हसला. यावर तो नाही म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं.

तशी झाकडी सुरिनामने पुन्हा पाहिली नाही. माझेही डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो. मूर्ती पाण्यात गेली, सगळे मागे फिरले. काशी मात्र गळ्यात ढोलकी अडकवून वाजवत पुढेच चालला. कुणीतरी ओरडलं, "काशी गणपतीला पोचवायला निघाला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या... पाणी छातीला लागलं, ढोलकीचा आवाज बुडाला, आणि एकटी तुळसा किंचाळत पाण्यात धावली, तेव्हा कोळ्यांनी होडी लोटली. त्यांनी माणूसही आणला, ढोलकीही.

त्यानंतर तो कितीतरी महिने इस्पितळात होता. परत आला तो थरथरत्या हातांचा, खाली मान घालून बसणारा माणूस. गावात बोलणं सुरू झालं की तुळसाने इंग्रजी गोळ्या चारून नवरा बिघडवला. मला विचारायला आले तेव्हा मी एवढंच म्हणालो, "डोक्तेरच्या गोळ्या... काय सांगावं." मंडळाचा चिटणीस म्हणाला, म्हणजे खरंच. बायका तिला हळदीकुंकवाला बोलावेनाशा झाल्या. पुढे मी रोझ हिलला राहायला गेलो. साठी उलटल्यावर काशीने जेवण टाकलं, तेव्हाही मी म्हणालो, "वय झालं." तुळसा म्हणाली, "वय नाय हो, दादा. ते जुनंच हाय." डॉक्टरांनी औषध बदललं आणि तो पुन्हा जेवू लागला.

मागच्या महिन्यात देवळात शोकसभा झाली. एक भला माणूस गहिवरून म्हणाला, "गोळ्यांनी आमच्या काशीची ढोलकी थांबवली." तुळसा बायकांच्या रांगेत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी पहिल्या रांगेत होतो. तिथेही मी उठलो नाही. म्हणून हे लिहितो आहे. तुळसाने दिलेल्या गोळ्यांनी काशी बरा होता. त्या मी बंद करवल्या, आणि तिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो.

छापायला देण्याआधी सुरिनामला जाऊन तिला हे वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. ऐकून म्हणाली, "मला ठाऊक होतं. समुद्रावरून आल्यावर डबा उघडला, तर गोळ्या तशाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तो नको म्हणाला. दादाला लोक काय म्हणतील, म्हणाला."

मला तिथे बसवेना. उठून खुंटीवरची ढोलकी काढली. इतकी वर्षं न वाजलेली ढोलकी सैल पडलेली असणार. पण दोरी ताणलेली होती, कड्या वर चढवलेल्या, चामड्याचं पान नवं.

"ही कुणी ताणली?"

"त्याच्याबिगर कोण? दर रविवारी मागच्या दारी बसून वाजवायचा. गोळ्या घेऊन. हात कापायचे, पण वाजवायचा." तिने सुरी खाली ठेवली. "तुम्ही कधी रविवारी आलाच नाय. हे पण लिवा."

लिहिलं. मी ढोलकी मांडीवर घेतली आणि एक थाप मारली. घरभर आवाज घुमला. तुळसाने डोळे मिटले.

"हळू, दादा," ती म्हणाली. "एवढ्या जोरात नाय वाजवायचा तो."