मार्था मावशींची जागा

काल आमच्या कबरस्तानात पहिल्या रांगेत सगळे ढोंगी उभे होते.

मीही होतो. डावीकडून तिसरा. फोटोत दिसेन.

मार्था मावशी गेल्या. आयुष्यभर नर्स. रिटायर झाल्यावरही कुणाच्या पोराला ताप आला की पिशवी उचलून निघायच्या.

चौकात फ्लेक्स लागलाय, ‘गोरगरिबांची माउली’. माउलीचा फोटो पासपोर्ट साइज. खाली आम्हा पंचांचे सात फोटो, चांगले ऐसपैस. मी पंच कमिटीचा सेक्रेटरी, त्यामुळे माझाही आहे. गॉगल काढायचा राहिलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितोय. ज्यांना सगळं माहीत असून काल रुमाल डोळ्यांना लावला, त्यांनीही वाचा.

आमच्यात बायका रोज पीठ मळताना एक मूठ देवासाठी बाजूला काढतात आणि रविवारी चर्चमध्ये आणतात. मावशी ते पीठ आणायच्याच नाहीत. बेलापूरच्या अलीकडे ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडतात, तिकडे भाकऱ्या करून न्यायच्या.

कमिटीच्या अध्यक्षांनी एकदा हटकलं. मावशी म्हणाल्या, “देवासाठीच काढलंय ना? मग त्याच्याकडंच चाललेय की.”

अध्यक्षांना ते कळलं नाही. त्यांना माइकवरून बोललेलंच कळतं.

चार वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, त्या कोप्यांमधल्या कौसाबाईची आठ दिवसांची मुलगी गेली. गाव लांब पाथर्डीकडे, मुकादम सुट्टी देईना. आणि जिथला ऊस तोडत होती तिथले लोक म्हणाले, आमच्या हद्दीत पुरू नका.

लेकरू दिवसभर आईच्या मांडीवर.

मावशी कोप्यांवर गेल्या आणि त्या लेकराला आमच्या कबरस्तानात घेऊन आल्या. अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या मिस्टरांच्या कबरीशेजारी मावशींची स्वतःची जागा राखून ठेवलेली होती. तिथे पुरलं. कुणाला विचारलं नाही.

आम्ही लगेच मीटिंग बोलावली. एरवी चर्चचं छत गळतं तेव्हा कोरम होत नाही. त्या दिवशी सातच्या सात हजर.

“बाप्तिस्मा झालेला नाही, मेंबर नाही, आणि थेट आत?” अध्यक्ष.

“आठ दिवसांचं लेकरू. कवा होणार हुता बाप्तिस्मा?”

“मावशी, नियम आहे.”

“जागा माझी हुती. मी दिली. तुमचं काय गेलं?”

आमचं काहीच गेलं नव्हतं. म्हणून तर एवढा राग आला होता.

ठराव झाला. सहा महिने मावशींना प्रभुभोजन बंद. म्हणजे रविवारी वेदीपुढची ती भाकर आणि तो प्याला त्यांना द्यायचा नाही. रोज दुसऱ्यांना भाकरी नेऊन देणाऱ्या बाईची भाकर आम्ही बंद केली, आणि मग चहा घेतला. सोबत खारी होती.

पत्र मी लिहिलं. मी मास्तर, माझं अक्षर चांगलं. त्यातला ‘पवित्र भूमी’ हा शब्दही माझाच. अध्यक्षांना फार आवडला होता.

द्यायलाही मीच गेलो. मावशींनी उंबऱ्यात उभं राहून चष्मा लावून सगळं वाचलं.

“अक्षर लई सुंदर काढलंस रे सुनील. रविवारच्या शब्बाथ शाळेत मी गिरवून घेतलं त्याचं चीज झालं.”

आणि मी मूर्ख खूश झालो. घरी जाऊन बायकोला सांगितलं.

ते सहा महिने मावशी दर रविवारी आल्या. शेवटच्या बाकावर बसल्या. भाकर फिरायला लागली की मान खाली घालायच्या. मी वळून बघायचो नाही.

आता कालचं.

अध्यक्षांना कबर अण्णांच्या शेजारीच हवी होती. “नवरा-बायको जवळ शोभतात. आणि ते लेकरू काय, एवढंसं. माती झाली असेल आता. खणा.”

कुदळवाला माझ्याकडे बघायला लागला. मी बुटांकडे बघितलं.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. कौसाबाई. फडातून तशीच आलेली, हाताला उसाची कुसळं.

“सायेब, थांबा. माजी पोरगी हाय तिथं.”

कुणीतरी म्हणालं, हिला आत कुणी सोडलं?

तिने कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. “मावशींनी दिल्ता. म्हनल्या, कुनी उकराया लागलं तर सुनील मास्तरला दे, त्याच्याकडून मोठ्यांदा वाचून घे. मला वाचता येत न्हाई.”

मी उघडला. पेन्सिलने लिहिलं होतं.

‘माझी जागा दिलेली आहे. दिलेलं परत घ्यायचं नसतं. मला कुंपणाजवळ चालेल. लेकराला हलवू नका. मार्था.’

वाचलं. कुदळवाल्याने कुणाच्या हुकमाची वाट न बघता कुदळ खांद्यावर टाकली आणि कुंपणाकडे गेला.

कौसाबाई म्हणाली, “आन पलीकडच्या अंगाला काय लिवलंय?”

मी कागद उलटला.

माझं पत्र.

अध्यक्ष पुटपुटले, “राहू दे सुनील, आता ते कशाला.”

मी वाचलं. ‘बाहेरच्या इसमाचे मूल पवित्र भूमीत पुरल्याबद्दल’ इथपासून सात पंचांच्या नावांपर्यंत. शेवटचं नाव माझं, तेही मोठ्यांदा वाचलं. हे धाडस वगैरे नव्हतं, उगाच कौतुक करू नका. चार वर्षं उशिरा आणि मेलेल्या बाईने सांगितलं म्हणून वाचलं.

कौसाबाईने सगळं ऐकून घेतलं. माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परत कमरेला लावला.

मी म्हटलं, “बाई, आता कशाला ठेवता? झालं की सगळं.”

तिने आम्हा सातांकडे एकदा बघितलं.

“ठिवते. परत लागंल.”

मावशी कुंपणाजवळ आहेत, वेड्या बाभळीखाली. भावपूर्ण श्रद्धांजली फ्लेक्सवर छापलेली आहे, तिथेच वाचा. माझ्या तोंडी ती शोभत नाही.

सलाम, मावशी.