जोर कुणी लावायचा

बाई कुणाच्याही मांडीला सेन्सर चिकटवण्याआधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायच्या. मग विचारायच्या, "लावू का हात?" समोरचा हो म्हणेपर्यंत थांबायच्या. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या माणसाने रोज परवानगी मागावी, याचं मला सुरुवातीला हसू यायचं.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या आणि मी फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गात होतो. म्हातारपणी मांडीचा स्नायू किती आणि कसा जोर लावतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. माणसाला खुर्चीत बसवायचं, घोट्याला पट्टा बांधायचा. त्याने पाय पुढे रेटला की पट्ट्याला जोडलेलं यंत्र जोर मोजायचं. मांडीवरचे सेन्सर स्नायूतले विजेचे सूक्ष्म संदेश टिपायचे आणि सोनोग्राफीत तो आखडताना किती फुगतो ते दिसायचं. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा तो हातातला भाग, मांडीवर धरायचा तो मी.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलो. तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटाला कायम कुलूप. काचेआडची उपकरणं आम्ही वहीत काढायचो, हात लावायचा नाही. त्यामुळे इथे एवढा महागडा प्रोब हातात आल्यावर तो निसटेल या भीतीने मी तो घट्ट धरायचो.

बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, तेव्हा मी एकोणीस जणांची मोजणी एकट्याने उरकली. त्या परत आल्या त्या दिवशी विसावे, वारज्याचे एक आजोबा खुर्चीत होते. मी ओरडलो, "आजोबा, लावा जोर!" आजोबांनी दात आवळले. मीही आवळले.

"जोर त्यांनी लावायचाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "तू कशाला लावतोयस?"

मी हाताकडे पाहिलं. प्रोब मांडीत रुतला होता. तो असा दाबला की खालचा स्नायू चेपतो आणि पडद्यावर बारीक दिसतो. म्हणजे एकोणीस जणांची मोजमापं वाया. प्रबंध द्यायला महिना उरला होता. आमच्या घरात एवढं शिकणारा मी पहिला. वडिलांनी निकालाआधीच मी पास झाल्याचं गावभर सांगून ठेवलं होतं.

आजोबा गेल्यावर मी हळूच म्हणालो, "बाई, हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं. तुला कळलं. आणखी किती माणसं हवीत?"

एवढं बोलून त्यांनी नावांची यादी मागितली आणि फोन उचलला. "नमस्कार. अहो, आमच्याकडून मोजण्यात चूक झाली. आपण परत याल का?" एकोणीस वेळा त्या "आमच्याकडून" म्हणाल्या. त्या तर रजेवर होत्या! मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो.

हडपसरच्या एक आजी फोनवरच कडाडल्या, "चूक तुमची आणि जिने आम्ही चढायचे?"

"चढा की. मांडीला व्यायाम," बाई म्हणाल्या. "चहा मिळेल. गेल्या वेळेसारखाच वाईट."

आजी आल्या, चहाला नावं ठेवत दोन कप प्यायल्या. एक जण गावी गेले होते, बाकी सगळे आले. प्रत्येक वेळी बाई माझ्या मनगटाखाली स्वतःचं बोट धरून बसायच्या. मी दाबायला लागलो की ते बोट किंचित वर व्हायचं. शेवटच्या चार-पाच जणांच्या वेळी बोट नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मी त्यांचं नाव सर्वात वर टाकलं. त्यांनी ते पेन्सिलने खोडलं. "त्यापेक्षा चूक कशी झाली ते लिही. पुढच्याला उपयोग होईल."

मी लिहिलं, पानभर. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सर्वात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले आणि मला एकाचंही उत्तर आठवावं लागलं नाही.

बाई आता निवृत्त होऊन लेकीकडे, दुसऱ्या शहरात राहतात. त्यांच्या जागी भरती झालेली नाही. मी त्याच प्रयोगशाळेत शिकवतो. नवा विद्यार्थी आला की आधी ते पान वाचायला देतो. परवा एका मुलीने वाचून संकोचत विचारलं, "सर, ही चूक तुमची?"

"हो, माझी."

तिचे वर चढलेले खांदे खाली आले. तिने टेबलावरचा प्रोब उचलला.