शावी, कियावे, चावी

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बस स्टँडसमोर एक चावीवाला छत्री उघडून बसायचा. नवी चावी कानशीने घासून झाली की तो तिच्यावर फुंकर मारायचा, ती कपाळाला लावायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा लेकीला घेऊन गेलो होतो. तिने विचारलं, "बाबा, चाबी बन गई?"

मी चारचौघांत तिच्यावर खेकसलो, "चाबी नाही, चावी म्हण! मराठी ना आपण?"

चावीवाला मात्र हसला.

"काहून रागावता, साहेब? चावी तरी कुठं आपली हाय? एका फादरनं सांगतलतं मले. पोर्तुगीज लोक तिले शावी म्हणतेत. इटलीवाले कियावे, स्पेनवाले यावे. साऱ्यायची माय एकच, लॅटिनातली क्लाविस. ज्यानं त्यानं आपल्या कुलपापुरते दाते घासले, बस."

आता तिथे मशीनवर चाव्या कापणारं दुकान आहे. लेक भोपाळला असते. दिवाळीला येते, दारातूनच विचारते, "बाबा, ऊपरवाले कमरे की चाबी?"

मी चावी कपाळाला लावतो आणि तिच्या हातात ठेवतो.